घटपल्लवापासून बरणीपर्यंत : पुष्पपात्राचा इतिहास आणि आपला धंदा

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत दरवर्षी संत गोरोबाकाकांचे चरित्र, समाजातील शिक्षणाची प्रगती, वधूवरांच्या याद्या आणि दिवंगतांस श्रद्धांजली असा मजकूर येतो. आणि तो यावाही. परंतु ज्या धंद्यावरून आपल्याला ‘कुंभकार’ हे नाव पडले, त्या धंद्याच्या इतिहासाविषयी आपण फारच थोडे लिहितो. ती उणीव अल्पांशाने भरून काढावी, या हेतूने एका लहानशा विषयावर चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. विषय वरवर पाहता शोभेचा आहे : जुन्या चिनी मातीच्या बरण्यांत ताजी फुले रचून घर सजविणे. पण या शोभेच्या मुळाशी आपल्या धंद्याच्या मानापमानाचा प्रश्न दडलेला आहे, असे मला वाटते. वाचकांनी शेवटपर्यंत वाचून मग निर्णय द्यावा.

हा विषय सुचला तो गारखेड्यात. गारखेडा हे पूर्वी औरंगाबाद शहराबाहेरचे एक स्वतंत्र खेडे होते. शहर वाढत गेले, खेडे त्याच्या पोटात आले, आणि आज सूतगिरणी चौकापासून विभागीय क्रीडा संकुलापर्यंत जिकडे तिकडे इमारतीच इमारती दिसतात. शहराचे नावही २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. या वस्तीतील नव्या घरांतून अलीकडे एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडू लागली आहे. वर तपकिरी व खाली पांढुरकी अशी जी लोणच्याची जुनी बरणी आपल्या आज्या-पणज्या जिवापाड जपत असत, ती आता स्वयंपाकघरातून बैठकीत आली आहे, आणि तिच्यात निशिगंधाच्या दांड्या किंवा शेवंतीची फुले उभी केलेली असतात. पाहुणे कौतुकाने विचारतात, “ही कोठे मिळाली?” माझ्या स्वतःच्या घरीही अशी एक बरणी आहे. तिची हकीकत पुढे येईल.

माती माती यांतील भेद

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण आपली भाषा येथे थोडी ढिली आहे. ‘चिनी माती’ या एका नावाखाली आपण दोन भिन्न वस्तू घालतो. एक म्हणजे चहाच्या पेल्याबशीची पांढरी, पातळ, उजेडात धरली असता किंचित पारदर्शक दिसणारी माती. दुसरी म्हणजे बरण्यांची जाड, जड, दगडासारखी माती. इंग्रजीत या दुसरीला ‘स्टोनवेअर’ म्हणतात, आणि ते नाव यथार्थ आहे. आपल्या आव्यात शेणी, पालापाचोळा व लाकूड यांच्या आचेवर भांडे साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंत तापते. असे भांडे पक्के होते खरे, पण त्याच्या अंगात सूक्ष्म छिद्रे राहतात. त्या छिद्रांतून पाणी पाझरते, वाऱ्याने सुकते, आणि म्हणूनच माठातले पाणी गार होते. दगडी मातीचे भांडे १२०० ते १३०० अंशांवर भाजतात. त्या आचेत मातीचे कण अंशतः वितळून एकमेकांत मिसळतात, छिद्रे बुजतात, आणि मग त्या भांड्यातून पाणी, तेल, मीठ, आंबट काहीही बाहेर येत नाही. काही ठिकाणी भट्टी पूर्ण तापली की तीत मीठ टाकतात. मिठाची वाफ होऊन ती मातीतील वाळूच्या अंशाशी संयोग पावते आणि भांड्यावर काचेसारखे कवच चढते. जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठच्या कुंभारांनी ही रीत पंधराव्या शतकाच्या सुमारास रूढ केली.

मग प्रश्न येतो, आपल्या पूर्वजांनी ही भांडी का केली नाहीत? त्यांना कसब नव्हते काय? या प्रश्नाचे उत्तर धंद्याच्या माणसाने ठासून दिले पाहिजे. कसबाचा येथे प्रश्नच नाही. आपली माती ही बहुधा काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेली, नदी-ओढ्याकाठची. तीत लोहाचा व चुन्याचा अंश अधिक. ११०० अंशांच्या वर आच गेली की ती वाकू लागते, बसते आणि वितळते. बाराशे अंशांवर उभी राहणारी माती मराठवाड्याच्या काळ्या रानात सहसा मिळत नाही. शिवाय त्या आचेला धुरांड्याची बंदिस्त भट्टी व मोठा जळणाचा साठा लागतो. बलुत्यावर पोट भरणाऱ्या कुंभाराने तो आणावा कोठून? आपल्या पूर्वजांनी आपल्या भूमीच्या मातीतून जे सर्वोत्तम निघू शकत होते ते काढले, यात संशय नाही. मलिक अंबराने १६१० साली खडकी वसविली आणि पुढे शहराला नहरीचे पाणी आणले. त्या नहरींत खापराचे नळ घातलेले आहेत. भुईखाली पिढ्यान् पिढ्या पाणी वाहून नेणारे ते नळ भट्टीतूनच निघाले होते.

घटात पल्लव : आपली प्राचीन परंपरा

आता पुष्परचनेकडे वळू. भांड्यात पाने-फुले रचून ते दर्शनी ठेवणे ही पाश्चात्त्यांकडून आलेली चाल आहे, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. साची, भारहूत आणि अमरावती येथील शिल्पांत पूर्णघट कोरलेले आहेत. भरलेला कुंभ, आणि त्याच्या मुखातून वर आलेली कमळे, कळ्या व पाने. ही शिल्पे दोन हजार वर्षांच्या आसपासची आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात जाऊन पाहावे. तेथील स्तंभ पायऱ्यापायऱ्यांच्या चौथऱ्यावर ठेवलेल्या घटातून वर आलेले दिसतात. एवढा थोरला डोंगर पोखरून काढलेल्या त्या मंदिराचा भार शिल्पकाराने कुंभाराच्या घटावर ठेवला, ही कल्पना मनात आली की अभिमान वाटल्याशिवाय राहत नाही.

गारखेड्यापासून वेरूळ सुमारे ३० किलोमीटरवर आहे. तेथे कैलास पाहून परतणारे पुष्कळ, परंतु एकविसाव्या क्रमांकाचे रामेश्वर लेणे सावकाश पाहणारे थोडे. त्या लेण्याच्या स्तंभशीर्षांवर घट आहेत आणि त्यांच्या मुखातून पाने ओसंडून काठांवरून खाली झुकलेली आहेत. शिल्पशास्त्रात याला ‘घटपल्लव’ म्हणतात. हे लेणे सहाव्या शतकातले मानले जाते. पुष्परचना करणाऱ्या आजच्या भगिनींनी ते मुद्दाम पाहावे. भांड्याच्या काठावरून पान खाली कसे सोडावे, म्हणजे भांडे व पान यांचा सांधा डोळ्यांना खुपत नाही, हे त्या पाथरवटाने चौदाशे वर्षांपूर्वी दाखवून ठेविले आहे.

ही परंपरा केवळ दगडात राहिली असे नाही. नवरात्रात घटस्थापनेला आपलाच घट लागतो आणि नवव्या दिवशी त्याभोवती धान्याचे कोवळे अंकुर उभे असतात. संक्रांतीला सुगडे लागतात. लग्नात बहुल्याच्या कोपऱ्यांत मडक्यांची उतरंड लागते. मंगलकलशावर आंब्याचा टहाळा असतो. सारांश, पात्रात पल्लव ठेवणे हे आपल्याकडे मांगल्याचे चिन्ह होते. देठासकट फुले कापून, पाण्यात उभी करून, नुसत्या शोभेसाठी दिवाणखान्यात ठेवणे ही चाल मात्र वेगळी. पूजेचे फूल आपण देठाशी खुडतो, हार गुंफतो, वेणी माळतो. दांडीसकट फूल ठेवण्याची गरज आपल्या चालीरीतींत क्वचितच पडे.

मर्तबान, गोरी आणि फुलदाणी

ती दुसरी चाल दरबारांतून आली, आणि तिची साक्ष भाषाच देते. ‘फुलदाणी’ या शब्दात फूल आपले, पण ‘दान’ हा प्रत्यय फारसी. पिकदाणी, अत्तरदाणी, गुलाबदाणी ही त्याच कुळीची भावंडे. ज्या गुलमंडीत आज कापडाची व किरकोळ मालाची दुकाने गजबजलेली आहेत, त्या गुलमंडीच्या नावाचा अर्थच मुळी फुलांचा बाजार असा आहे. मोगल इमारतींत ‘चिनीखाना’ म्हणून भिंतीत लहान लहान कोनाड्यांची रचना असे व त्यांत चिनी पात्रे मांडीत. आग्र्याच्या इतिमाद-उद्-दौलाच्या कबरीवर अशी पात्रे व त्यांतील फुले दगडात जडवून काढलेली आहेत. आपल्या दौलताबादच्या किल्ल्यातील चिनी महालाला ते नाव त्याच्या भिंतीवरील चकाकत्या रंगीत फरशांवरून पडले. त्या फरशांचे तुकडे अद्याप दिसतात. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन याला १६८७ नंतर याच महालात कैदेत ठेविले होते.

दगडी मातीची भांडी या काळात समुद्रमार्गे येत. ब्रह्मदेशातील मर्तबान या बंदरावरून त्या मोठ्या चकचकीत रांजणांना ‘मर्तबान’ हेच नाव पडले आणि ते आपल्या भाषेतही उतरले. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने आले, मिरी, लिंबू व आंबे खारवून भरलेल्या मर्तबानांचा उल्लेख केला आहे. म्हणजे लोणच्याच्या बरणीचा वंश निदान सातशे वर्षांचा ठरतो! ‘बरणी’ हा शब्दही अरबीतील ‘बर्निय्या’ या मातीच्या भांड्याच्या नावाशी जुळतो. चीनहून येणाऱ्या हिरवट झिलईच्या दगडी मातीच्या थाळ्यांना हिंदुस्थानात ‘गोरी’ म्हणत. विषारी अन्न पडताच अशी थाळी तडकते किंवा तिचा रंग पालटतो, अशी राजवाड्यांतून समजूत होती. समजूत खोटी, पण त्या भांड्यांचा भाव तिने वाढविला हे खरे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. पात्र परके होते तशी त्यातली फुलेही कित्येक परकीच होती. ज्या झेंडूवाचून आपला दसरा होत नाही तो मूळचा मेक्सिकोचा, आणि युरोपीय लोकांनी अमेरिकेत पाऊल ठेविल्यानंतर इकडे आला. निशिगंधही त्याच देशाचा. शेवंतीचे माहेर चीन. आज यांपैकी कोणालाही आपण परके म्हणत नाही. ज्याची निगा राखली ते आपले झाले. बरणीविषयीही हाच न्याय लावावा, असे माझे मत आहे.

कारखान्यांचा काळ

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. इंग्लंडातून शाई, औषधे व पेये यांच्या दगडी मातीच्या बाटल्या छावण्यांतून व रेल्वेच्या वाटेने गावोगाव पोहोचल्या. १९०० च्या सुमारास मनमाडकडून औरंगाबादला आगगाडी आली, तेव्हा हा माल येथेही सुलभ झाला. बंगालात राणीगंज येथे व पुढे जबलपूर येथे बर्न कंपनीने कारखाने काढून मिठाच्या झिलईचे नळ व बरण्या देशातच करण्यास आरंभ केला. विसाव्या शतकात ग्वाल्हेर, कलकत्ता आणि सौराष्ट्रातील थान, वांकानेर, मोरबी येथील कारखान्यांच्या बरण्या महाराष्ट्रातील घराघरांत शिरल्या. झाकणाला चाप असलेली, खांद्यावर कारखान्याचा छाप असलेली बरणी ती हीच.

एकोणिसाव्या शतकातच मुंबईत एक वेगळा प्रयत्न झाला. सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली झिलईच्या मातीकामाचा विभाग चालू झाला. तेथे घडलेली पुष्पपात्रे व कलश परदेशांतील प्रदर्शनांत गेले आणि आज लंडनच्या संग्रहालयातही पाहावयास मिळतात. त्यांतील कित्येकांवर आपल्या अजिंठ्याच्या चित्रांतील नक्षी आहे, कारण त्याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स हे १८७२ पासून विद्यार्थ्यांसह अजिंठ्यास येऊन भित्तिचित्रांच्या नकला करीत होते. म्हणजे आपल्या जिल्ह्याची नक्षी मुंबईच्या पात्रावर चढून विलायतेस गेली. पण त्या पात्रांच्या इतिहासात नावे राहिली ती बहुधा शाळेच्या अधिकाऱ्यांची. चाकावर बसून माती उचलणारे हात निनावी राहिले. आपल्या ज्ञातीच्या इतिहासातील हे जुनेच दुःख आहे.

कारखान्याच्या बरणीने आपल्या धंद्यावर आघात केला, हे नाकारण्यात अर्थ नाही. तेलाचे, तुपाचे, लोणच्याचे, मिठाचे मडके गेले. मागून ॲल्युमिनियम आले, स्टेनलेस स्टील आले, प्लास्टिक आले. पाण्याचा माठ, पणती, घट आणि सुगडे एवढेच शिल्लक राहिले. आता आमच्या घरची हकीकत सांगतो.

घरातील बरणी

आमचे मूळ गाव गोदाकाठचे. आजोबा चाक चालवीत. पंचक्रोशीत त्यांच्या केळी-मडक्यांना मागणी होती. आजीने एका यात्रेतून एक चिनी मातीची बरणी आणली होती. ती माजघरात, धान्याच्या कणगीमागे, फडके टाकून ठेविलेली असे. कारण उघड होते. गिऱ्हाइकाने पाहिले असते तर तो म्हणाला असता, “कुंभाराच्याच घरी परकी बरणी, मग आम्ही तुझे मडके का घ्यावे?” एकदा असे कोणी बोललेही. आजी खाली मान घालून आत गेली. आजोबा मात्र शांतपणे म्हणाले, “मडक्यात पाणी ठेवा, अमृत होईल. मीठ ठेवाल तर ते मडक्याला खाईल. यात मडक्याला उणेपणा नाही आणि बरणीलाही मोठेपणा नाही. ज्याचे काम त्याने करावे.” मिठाचे पाणी कच्च्या अंगाच्या भांड्यात झिरपते, बाहेर येऊन सुकते, त्याचे खडे होतात आणि भांड्याचे पापुद्रे निघतात, हे पुढे मला शिकल्यावर कळले. आजोबांना ते न शिकता कळले होते.

आजोबा गेले, चाक थांबले, आम्ही शहरात आलो. ती बरणी गारखेड्याच्या घरात माळ्यावर पडून होती. दोन वर्षांपूर्वी सूनबाईंनी ती खाली काढली, घासूनपुसून बैठकीत ठेविली व तीत निशिगंध उभा केला. मला प्रथम राग आला. ज्या वस्तूने आमचे चाक थांबविले ती घरात मिरवावी काय? मी तसे बोललोही. त्यावर ती एवढेच म्हणाली, “मामंजी, आजीसासूबाईंनी ही चाळीस वर्षे फडक्याखाली झाकून ठेवली होती. आता तरी तिला उजेडात बसू द्या.” मी निरुत्तर झालो. जी बरणी लाज म्हणून झाकली गेली ती आज घरात मानाने उभी आहे, आणि तिच्याकडे पाहून नातवंडे आपल्या पणजोबांविषयी विचारतात. जे माझ्या कित्येक भाषणांनी झाले नाही ते त्या बरणीने केले.

जपानचा धडा

याच्याशी जुळणारे मोठे उदाहरण जपानात आहे. तेथे शिगाराकी, बिझेन, इगा या गावांचे कुंभार शेतकऱ्यांसाठी दगडी मातीचे रांजण करीत. त्यांत बी-बियाणे, धान्य किंवा पाणी साठवीत. भांडी खडबडीत, राखेने डागाळलेली, कधी वाकडीही. पंधराव्या-सोळाव्या शतकांत तेथील चहाविधीच्या आचार्यांनी चीनची उंची पात्रे बाजूस सारून हे शेतकऱ्यांचे रांजण आपल्या साध्या खोलीत आणले व त्यांत एखादेच फूल ठेविले. सेन नो रिक्यू (१५२२ ते १५९१) हे त्यांतील अग्रणी. त्यांनी सांगितले की सौंदर्य महागात नाही, साधेपणात आहे. परिणाम असा झाला की त्या गावांच्या कुंभारांना मान मिळाला, त्यांची नावे लोकांना ठाऊक झाली, आणि त्या गावांच्या भट्ट्या आजतागायत पेटत्या आहेत.

जपानच्या या इतिहासातून आपण काय घ्यावे? जुनी भांडी नुसती जमवून भागत नाही. जपानी आचार्य जुन्या रांजणापाशी थांबले नाहीत. त्यांनी त्याच गावच्या कुंभाराकडून नवी पुष्पपात्रे करवून घेतली. आपल्याकडे जुन्या बरणीला बाजारात भाव येत आहे. पण त्या भावातला छदामही आज चाकावर बसलेल्या माणसाच्या हाती जात नाही. खरा प्रश्न तो आहे.

निवड व रचना

ज्या भगिनींना या रचनेची आवड आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. जुनी बरणी घेताना ती कशी पारखावी? संत गोरोबाकाकांच्या तेरच्या घरी संतमंडळी जमली असता काकांनी थापटण्याने एकेकाचे मस्तक पारखले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, ही कथा आपणा सर्वांना पाठ आहे. तीच पारख येथे करावी. बरणी तळहातावर मोकळी धरून बोटाच्या पेराने हलकेच वाजवावी. स्वच्छ, लांबणारा नाद आला तर ती सांगी आहे. आवाज बद्द आला तर कोठेतरी तडा आहे, मग तो दिसो वा न दिसो. तडा असलेली बरणी टाकून देण्याचे कारण नाही. आत काचेचा पेला किंवा लोटा ठेवून त्यात पाणी भरावे.

लोणच्याची बरणी प्रथम कोमट पाण्यात दोन-तीन दिवस, पाणी पालटीत, भिजत ठेवावी. मिठाचा अंश राहिला तर फुले लवकर मान टाकतात. जी बरणी पूर्वी कोणत्या रसायनासाठी वापरली हे ठाऊक नाही तीत पुन्हा अन्न कधीही ठेवू नये, फुलांसाठीच ठेवावी. दगडी माती फुलांना का मानवते, त्याची तीन कारणे आहेत. ती जड असते म्हणून उंच दांड्यांच्या भाराने कलंडत नाही. तिच्यातून उजेड जात नाही म्हणून पाण्यात शेवाळ धरत नाही. आणि ती पाझरत नाही म्हणून खालच्या लाकडावर ओल उतरत नाही.

फुले सकाळी लवकर कापावीत. देठ तिरका छाटावा. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत, नाहीतर ती कुजतात. झेंडूच्या देठाने पाणी लवकर नासते म्हणून ते रोज पालटावे; निशिगंधाची खालची सुकलेली फुले खुडीत गेले की वरच्या कळ्या उमलत राहतात; शेवंती सर्वांत जास्त टिकते. पिकलेल्या केळ्यांच्या फणीजवळ फुलदाणी ठेवू नये, कारण पिकत्या फळांतून निघणाऱ्या वायूने फुले कोमेजतात. फुलांची उंची पात्राच्या साधारण दीडपट असावी. बरणीचे तोंड रुंद असल्यास लिंबाच्या किंवा डाळिंबाच्या चार काटक्या आत आडव्या अडकवाव्या, म्हणजे देठ हवे तेथे उभे राहतात. आणि काठावरून एकदोन पाने खाली सोडावीत. वेरूळच्या घटपल्लवाची आठवण ठेवावी.

कायद्याचीही एक गोष्ट ध्यानात असावी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षे वा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरते, आणि ती खासगी रीतीने देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या मुलाबाळांना अशी खरोखर जुनी वस्तू पाठविण्याचा विचार कोणी करीत असेल तर आधी चौकशी करावी. नदीकाठच्या पांढरीच्या टेकाडांतून, विशेषतः पैठण व तेर भागात, खापरे किंवा भांडी उकरून आणणे तर सर्वथा गैर आहे. तेरच्या संग्रहालयात रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविलेल्या वस्तू सर्वांना पाहता येतात. आपल्या पूर्वजांच्या हातचे काम त्यांत आहे, ते तेथेच शोभते.

समाजास विनंती

आता समारोप. इतिहास आपल्याला तीन गोष्टी सांगतो. पहिली, घट आणि पल्लव यांचा संबंध या भूमीत दोन हजार वर्षांचा आहे आणि त्या घटाचे कर्ते आपण आहोत. दुसरी, दगडी मातीची बरणी आपल्या हातून झाली नाही, ती माती व जळण यांच्या अभावी; बुद्धीच्या अभावी नव्हे. तिसरी, तो अभाव आज उरलेला नाही. तयार माती बाजारात मिळते, गॅसच्या व विजेच्या भट्ट्या १२०० अंशांच्या वर सहज जातात. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती येथे गांधीमार्गी कार्यकर्ते कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघाच्या द्वारे कुंभारकामाला नवे तंत्र शिकविण्याचा जो उद्योग केला, त्यावरून हे आपल्या महाराष्ट्रातही घडू शकते, हे सिद्ध झाले आहे.

म्हणून दोन सूचना नम्रपणे मांडतो. एक : समाजाच्या शिष्यवृत्त्यांत दरवर्षी निदान एक शिष्यवृत्ती मातीकामाचे उच्च शिक्षण घेणाऱ्या मुलास किंवा मुलीस राखून ठेवावी. वैद्यक व अभियांत्रिकी यांचा मान आहेच, पण चाकावर बसणारा मुलगा मागासलेला, ही भावना आपल्याच घरातून प्रथम गेली पाहिजे. दुसरी : ज्यांच्या घरी आजही चाक फिरते अशा बांधवांकडून समाजातील प्रत्येक कुटुंबाने वर्षातून एक पुष्पपात्र मागवून घ्यावे. ते साध्या लाल मातीचे असले तरी चालेल. पाझरत असेल तर आत लोटा ठेवावा आणि खाली परळ ठेवावा. पण त्या पात्राच्या तळाशी करणाऱ्याने आपले नाव कोरावे, आणि घेणाऱ्याने ते नाव पाहुण्यांना सांगावे. वेरूळचा घट निनावी राहिला, मुंबईच्या कलाशाळेचे चाकावरचे हात निनावी राहिले. निदान गारखेड्याच्या बैठकीतले पात्र निनावी राहू नये.

आमच्या घरी आता दोन पात्रे शेजारी शेजारी आहेत. एक आजीची बरणी. दुसरे आमच्या गावच्या एका तरुण बांधवाने केलेले लाल मातीचे मडके, तळाशी त्याच्या नावासकट. दसऱ्याला दोहोंत झेंडू होता. कोणते अधिक सुंदर दिसत होते, याचा निर्णय मी केला नाही. आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे, ज्याचे काम ते करीत होते. इति.